लस कुठे टोचून घ्यायची?

(अंधेरीत तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा एक-दोघं हसले, असं मला कळलं. समान नागरी कायदा, शिक्षण, रोजगार असे मोठे विषय असताना आज हे इंजेक्शनचं काय काढलंत? हसायला हरकत नाही. पण या सभागृहात कितीजणांच्या घरून कुणी ना कुणी परदेशी जाणार आहे, ते आधी बघू या. जोगेश्वरी, मालवणी, कुर्ला, घाटकोपर, मुंब्रा. कुणाचे नाना-नानी हजला किंवा उमऱ्याला जाणार आहेत. कुणाचा भाऊ दुबई-दमामला नोकरीवर जाणार आहे. रत्नागिरी-रायगडकडची मुलं जहाजावर जातात, कुणी नैरोबीला काकांच्या दुकानात जातो. कुणाची बहीण एम.एस. करायला अमेरिकेत जाणार आहे, आणि ही संख्या वाढते आहे, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

या सगळ्यांचे कागद घरात कोण करतं? तुम्ही करता. पासपोर्टचा फॉर्म, व्हिसाची फोटो साइज, तिकिटाचं वेब चेक-इन. अब्बांचा फोन तुमच्या हातात असतो. लसीचं कामही तुमच्याचकडे येतं, आणि बहुतेक वेळा प्रवासाला आठ दिवस राहिलेले असताना येतं. मग तुम्ही एजंटला फोन करता. तो म्हणतो, "टेन्शन मत लो, अपना डॉक्टर है."

आज मला त्या "अपना डॉक्टर" बद्दल बोलायचं आहे.

कुठल्या देशासाठी कुठली लस, हे कागदावर लिहिलेलं असतं. दूतावासाच्या सूचनेत असतं, विद्यापीठाच्या पत्रात असतं. ते वाचून कळतं. पण ती लस कुठे घ्यायची, हे कुणी लिहून देत नाही. तिथे आपण सोय बघतो, ओळख बघतो, पैसे बघतो. निवड चुकली तर काय होतं, ते सांगतो.

सुरुवात सोप्यापासून करू. यलो फीवर, म्हणजे पीतज्वर. केनिया, युगांडा, नायजेरिया, घाना, ब्राझील अशा देशांत जाणाऱ्याला ही लस लागते. आपल्याकडे हा रोग नाही. पण तो पसरवणारा एडिस डास मात्र घराघरात आहे, डेंग्यू पसरवतो तोच. म्हणजे काडी आहे, फटाके आहेत, फक्त ठिणगी नाही. त्यामुळे भारत सरकार या बाबतीत फार कडक आहे. अशा देशातून कार्डाशिवाय परत आलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून सूट नाही. सहा दिवस का? तर रोग अंगात शिरला असेल तर तेवढ्या काळात तो दिसून येतो.

ही लस गल्लीतल्या डॉक्टरांकडे चालत नाही. डॉक्टर कितीही चांगले असोत, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सरकारने नेमलेल्या केंद्राचाच शिक्का चालतो. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय, बंदर आरोग्य कार्यालय आणि सर जे.जे. रुग्णालयाशी जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज ही जुनी आणि माहितीतली केंद्रं. त्यांतलं विमानतळाचं केंद्र सहारला, म्हणजे अंधेरी पूर्वेलाच आहे. तरीही अंधेरीतलीच मुलं एजंटला जादा पैसे देऊन "अपॉइंटमेंट काढून" घेतात. अपॉइंटमेंट स्वतः काढता येते.

ठरलेल्या दिवशीच का बोलावतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. त्याला कारण आहे. ही लस पावडरच्या रूपात येते, एका बाटलीत अनेकांचे डोस असतात, आणि पाणी मिसळून बाटली उघडली की ती सहा तासांच्या आत संपवावी लागते. उरली तर फेकायची. त्यामुळे माणसं जमवून बाटली उघडतात. सरकारी खिडकीवरच्या प्रत्येक खोळंब्यामागे आळसच असतो असं नाही. काही वेळा असतो, तो भाग वेगळा.

जाताना मूळ पासपोर्ट न्या. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. आणि एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. पूर्वी दहा वर्षांची मुदत असे. ११ जुलै २०१६ पासून ती अट गेली, जुन्या कार्डांनाही हाच नियम लागू झाला. जहाजावरच्या एखाद्या मामूंचं २००९ चं कार्ड असेल तर ते जपून ठेवायला सांगा, कुणी "एक्स्पायर झालंय" म्हणून पुन्हा पैसे उकळू नयेत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यांपैकी काही असेल तर केंद्रावरच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. ते लस टाळून सवलतीचं पत्र देऊ शकतात. ते पत्र मान्य करायचं की नाही, हे समोरच्या देशावर असतं.

आता हज आणि उमऱ्याकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

१९८७ च्या हजच्या काळात मक्केत मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाची, मोठी साथ आली. त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. तेव्हाची लस 'ए' आणि 'सी' या दोन जातींच्या जंतूंवर चाले. पुढे २००० आणि २००१ साली वेगळ्याच जातीने, डब्ल्यू-१३५ ने, डोकं वर काढलं. हाजी परत गेले आणि घरच्यांना आजार देऊन बसले. ब्रिटन, फ्रान्स, सिंगापूर, कुठे कुठे रुग्ण सापडले. त्यांतले अनेकजण स्वतः हजला गेलेलेच नव्हते. हाजीच्या गळ्यात जंतू बसून आले होते. हाजी ठणठणीत, आणि घरातलं लेकरू किंवा म्हातारी आजारी. २००२ पासून चार जातींवरची लस, ए, सी, वाय आणि डब्ल्यू, बंधनकारक झाली.

म्हणून "आमचे अब्बा तंदुरुस्त आहेत, त्यांना कशाला सुई?" हा प्रश्न इथे लागू पडत नाही. सुई फक्त अब्बांसाठी नाही. अब्बा परत आल्यावर जी नात त्यांच्या गळ्यात पडणार आहे, तिच्यासाठीही आहे.

या लसीचे दोन प्रकार आहेत आणि हे एजंट तुम्हाला सांगत नाही. एक जुना, पॉलिसॅकराइड. दुसरा नवा, कॉन्जुगेट. जुना प्रकार माणसाला आजारापासून काही वर्षं वाचवतो, पण गळ्यात बसणाऱ्या जंतूवर त्याचा फारसा उपाय चालत नाही. नवा प्रकार त्या बाबतीत सरस आहे आणि संरक्षणही जास्त काळ टिकतं. सौदीच्या नियमात जुन्याची मुदत तीन वर्षं आणि नव्याची पाच वर्षं धरतात. आणि कार्डावर प्रकार लिहिलेला नसेल तर? तीनच वर्षं. म्हणजे तुम्ही महागडी लस घेतली, डॉक्टरांनी कार्डावर नुसतं "मेनिन्जायटिस व्हॅक्सिन" असं खरडलं, तर दोन वर्षांचं नुकसान तिथेच झालं. लसीचं पूर्ण नाव, प्रकार, बॅच नंबर, तारीख, सही, शिक्का, आणि पासपोर्टप्रमाणे नाव. केबिनमधून उठायच्या आधी हे वाचून घ्यायचं. आपल्याकडे शेख, खान, सय्यद इतके आहेत की पासपोर्ट नंबर कार्डावर लिहिलेला बरा.

लस सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. शरीराला प्रतिकार तयार करायला तेवढा वेळ लागतो. आठ दिवस राहिलेले असताना एजंटला फोन केला की तो तारीख मागची टाकून देतो. ही झाली पहिली लबाडी, आणि ती आपण मागून घेतलेली असते.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची इथे बरीच सोय आहे. मेनिन्जायटिसची लस आणि पोलिओचे डोस सरकारी शिबिरात मोफत मिळतात, वयस्करांसाठी फ्लूच्या लसीचीही व्यवस्था असते. कार्डही तिथेच भरून मिळतं. आमच्या वस्तीतल्या काही लोकांना हे मोफत आहे म्हणून हलकं वाटतं. "चांगल्यातली" लस बाहेरून घेऊ, असं म्हणतात. फुकटची गोष्ट वाईट, हा समज आपल्याला फार महागात पडलेला आहे. त्या शिबिरात रोज शेकडो माणसांना लस दिली जाते, माल पडून राहत नाही, शीतसाखळीचा हिशेब ठेवावा लागतो. हज कमिटीमधून नंबर लागला असेल तर शिबिर सोडू नका.

खरा गोंधळ खासगी टूरमध्ये आणि उमऱ्यात आहे. उमरा आता वर्षभर चालतो. शाळेच्या सुट्टीत, रमजानमध्ये, डिसेंबरमध्ये. चाळीस-पन्नास जणांचा ग्रुप, एक टूरवाला, आणि पॅकेजमध्ये "व्हिसा, हॉटेल, खाना, व्हॅक्सिन, सब शामिल".

माझ्या खालाच्या ग्रुपमध्ये असंच झालं. टूरवाल्याने निघण्याच्या आधीच्या संध्याकाळी पिशवीत घालून सगळ्यांना कार्डं वाटली. जमजमचा रिकामा कॅन, गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा आणि लसीचं कार्ड. सुई कुणालाच टोचलेली नव्हती. सगळ्या कार्डांवर एकच हस्ताक्षर, एकच बॅच नंबर, एकच तारीख. खालाला मधुमेह आहे, वय अडुसष्ट. तिने मला फोन करून विचारलं, "बेटा, मुझे तो सुई लगी ही नहीं, फिर ये क्या है?" ग्रुपमधल्या शिकलेल्या मुलांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. उलट सुटका झाली म्हणून खूश होते. तेव्हा तारीख बदलणं शक्य नव्हतं. तिला मी मास्क, पाण्याची बाटली आणि ताप आला तर काय करायचं याची चिठ्ठी दिली. ती सुखरूप परत आली. पण या गोष्टीत टूरवाल्याचं काहीच बिघडलं नाही, आणि पुढच्या ग्रुपलाही त्याने तीच पिशवी वाटली असणार.

एक गोष्ट मला कधी कळत नाही. माणूस जन्मभर पै-पै जोडून हलालच्या कमाईने उमऱ्याला जातो. कर्ज फेडून जातो, शेजाऱ्यांची माफी मागून जातो. आणि खिशात खोटा दाखला घेऊन जातो.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्या वस्त्यांमधलं आहे, अडाणीपणाचं आहे. तसं नाही. ३० मे २०२१ ला कांदिवली पश्चिमेच्या एका चांगल्या, सुशिक्षित हाउसिंग सोसायटीत कोविड लसीचं शिबिर झालं. ३९० जणांनी प्रत्येकी १,२६० रुपये भरून लस घेतली. कुणालाही ताप नाही, कुणाचा हात दुखला नाही. लस घेताना फोटो काढू दिले नव्हते. मग प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. ज्या रुग्णालयांची नावं होती त्यांनी आमचा संबंध नाही असं सांगितलं. तक्रार झाली आणि एकामागून एक अशी शिबिरं उघडकीस आली. उच्च न्यायालयात आकडा सांगितला गेला, २,०५३ माणसं फसली. बाटल्यांत सलाइनचं पाणी असावं असा पोलिसांचा संशय होता. यात डॉक्टर होते, रुग्णालय चालवणारे होते. पुढे काहींना अटक झाली.

ही फसवणूक उघडकीला कशी आली, ते मला महत्त्वाचं वाटतं. ती सरकारने शोधून काढली नाही. सोसायटीतल्या माणसांनी एकमेकांना विचारलं, "तुला ताप आला का? तुझ्या सर्टिफिकेटवर कुठलं हॉस्पिटल आहे?" ग्रुपमध्ये बोलणं झालं म्हणून ते कळलं. आपल्या उमऱ्याच्या ग्रुपमध्ये कुणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात याच उपनगरांत दुसरीही एक गोष्ट घडत होती. ३१ मे २०२१ ला महापालिकेने परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तीन रुग्णालयांत थेट लसीकरण सुरू केलं. घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर आणि चिंचपोकळीचं कस्तुरबा. मुलुंडची मुलगी राजावाडीला यायची, बोरिवलीचा मुलगा कूपरला. प्रवेशाचं पत्र आणि पासपोर्ट दाखवायचा, लस घ्यायची. पुढच्या आठवड्यात केंद्राने परदेशी जाणाऱ्यांसाठी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं ८४ दिवसांचं अंतर २८ वर आणलं आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट नंबर जोडायची सोय केली. सरकारी यंत्रणेला ठरवलं की जमतं. आणि त्या वेळी "कुठे घेतली" याइतकंच "कुठली घेतली" हेही जड गेलं. ज्यांनी कोवॅक्सिन घेतली होती, त्यांची जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीसाठी ३ नोव्हेंबरपर्यंत वाट बघण्यात गेली. अमेरिकेतली काही विद्यापीठं पुन्हा लस घ्या म्हणाली. लस वाईट नव्हती, यादीत नव्हती.

ती राजावाडीची खिडकी कायमची असायला हवी, असं माझं मत आहे. प्रत्येक उपनगरातल्या मोठ्या महापालिका रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस, वाजवी पैसे घेऊन, प्रवाशांच्या लसी. बोरिवलीच्या भगवतीत, मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयात. नगरसेवकाकडे गटारं आणि दिव्यांसाठी अर्ज जातात, एक यासाठीही जाऊ दे. मुसलमानांची मागणी म्हणून नको. गुजराती, दक्षिणी, ख्रिस्ती, सगळ्यांची मुलं परदेशी जातात.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो याच शहराचा आहे आणि आपल्याला तो शाळेत अर्धाच सांगतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. जगभर घबराट झाली आणि १८९७ साली मुंबईतून हजला जाणारी जहाजं बंद करावी लागली. एका शहराच्या आजारामुळे देशभरच्या हाजींची वाट अडली. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन नावाच्या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लस घ्यायला तयार नव्हते. अफवा आजच्यासारख्याच होत्या. तेव्हा आगाखान तिसरे, सर सुलतान मोहम्मद शाह, वयाने जेमतेम एकोणीस, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याचजणांपेक्षा लहान, त्यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली. एकदा नाही, अनेकदा. आणि प्रयोगशाळेसाठी हाफकिनना आपला खुश्रू लॉज बंगला दिला.

इथपर्यंतची गोष्ट भाषणात छान वाटते. पुढची लोक सांगत नाहीत. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना हाफकिनची लस दिली. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं, ते एकोणीसजण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनवर आला. त्याची नोकरी गेली, नाव खराब झालं. पाच वर्षांनी, १९०७ मध्ये, तो निर्दोष ठरला. मुंबईच्या प्रयोगशाळेतून बाटली स्वच्छच गेली होती. गावात ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं गेलं, असं पुढे आलं.

लस प्रयोगशाळेत कितीही चांगली बनो, ती ज्या टेबलावर उघडली जाते त्या टेबलाइतकीच ती सुरक्षित असते. मी "कुठे" या शब्दावर एवढा अडून बसलो आहे, तो त्या एकोणीसजणांमुळे.

तर टेबल कसं बघायचं? तुम्ही खासगी दवाखान्यात किंवा रुग्णालयात जाणार असाल तर फोनवर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, लस तुमच्याकडे फ्रीजमध्ये आहे की मागवणार? मागवणार असतील तर ती कशातून येणार? बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. काही लसी गरम झाल्या की मरतात, काही गोठल्या की मरतात. घरगुती फ्रीजच्या दारात, कोल्ड्रिंकच्या शेजारी ठेवलेली लस मला नको. वीज गेली तर काय, हेही विचारा. मुलुंड-भांडुपकडे महावितरण, इकडे दुसऱ्या कंपन्या. पावसाळ्यात सगळ्यांचीच परीक्षा असते. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तो उठून फ्रीजमधला थर्मामीटर दाखवतो. रागावला तर दुसरीकडे जा.

बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव आणि मुदत वाचा, फोटो काढा. सिरिंज पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे. बिल मागा. बिल नाही म्हणाले, की त्या लसीला आई-बाप नाहीत असं समजा. टोचल्यावर पंधरा ते तीस मिनिटं बसवून ठेवतात की लगेच "नेक्स्ट" म्हणतात, तेही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे कुणी तुम्हाला काही विचारतं का? कुठे जाणार, किती दिवस, मधुमेह आहे का, गोळ्या कुठल्या चालू, मागे कुठल्या लसीची रिॲक्शन आली होती का. न विचारता दंड पुढे करायला सांगणारा डॉक्टर हा फक्त सुई टोचणारा माणूस आहे. अंधेरीच्या मोठ्या रुग्णालयातला असला तरी.

मोठं रुग्णालय म्हणजे चांगलं, असंही नाही आणि छोटा दवाखाना म्हणजे वाईट, असंही नाही. तुमच्या भागातले जुने बालरोगतज्ज्ञ बघा. त्यांच्याकडे रोज लसी खपतात, फ्रीज रोज उघडला-तपासला जातो. टायफॉइड, हेपेटायटिस ए, एमएमआर, फ्लू, या लसींसाठी तेच बहुतेक वेळा सगळ्यात भरवशाचे असतात. मोठ्या माणसांनाही ते लस देतात. पंचवीस वर्षांच्या मुलाला लहान मुलांच्या रांगेत बसायची लाज वाटते, ती वेगळी अडचण.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. अमेरिकन विद्यापीठं एमएमआरचे दोन डोस मागतात, अनेक ठिकाणी मेनिन्जायटिस, कांजिण्या, धनुर्वात-घटसर्पाची लस, क्षयाची चाचणी. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड असेल तर अर्धं काम झालं. पण आपल्यापैकी कितीजणांच्या घरी ते आहे? २६ जुलै २००५ च्या पुरात कुर्ला, कलिना, साकीनाक्याच्या घरांतून दाखले, रेशनकार्डं, सगळंच वाहून गेलं. कार्ड नसेल तर कुणाकडून मागच्या तारखांचं बनवून घेऊ नका. एमएमआर पुन्हा घ्यायला काही धोका नसतो, गरोदरपण आणि कमजोर प्रतिकारशक्ती सोडली तर. दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवावे लागतात. म्हणजे प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात सुरुवात करायची, व्हिसाची वाट बघायची नाही. गोवराचा दाखला हे अमेरिकन लोकांचं नखरेल खूळ आहे असं वाटत असेल, तर २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली, ते आठवा. इथून फार लांब नाही ते.

गल्फच्या नोकरीसाठी जे "मेडिकल" होतं ती तपासणी आहे, लसीकरण नाही. दोन्ही कागद वेगळे. एकाचा शिक्का दुसऱ्याला चालत नाही.

शेवटचा विषय, जो तुम्ही मला चहाच्या वेळी हळूच विचारणार आहात, तो आताच घेतो. हलाल-हराम. काही लसींत जिलेटिन असतं आणि ते डुकराचं असू शकतं, ही अफवा नाही, खरी गोष्ट आहे. नाकात फवारायच्या एका फ्लू लसीत ते आहे, काही कंपन्यांच्या एमएमआरमध्येही आहे. १९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले आणि मूळ पदार्थाचं रूप पूर्ण पालटलं तर तो नापाक राहत नाही, असं मत त्यांनी दिलं. सगळ्यांनी ते मानलं असं नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१० मध्ये मेनिन्जायटिसच्या लसी एक-एक करून तपासल्या. एकीला हराम ठरवलं, दोघींना हलाल. म्हणजे त्यांनी नुसतं "लस हराम" असं म्हटलं नाही, कुठल्या कंपनीची, कशापासून बनलेली, ते बघितलं. तुम्हीही तेच करू शकता. वेगळ्या कंपनीची मागा, डॉक्टरांना डब्यातलं माहितीपत्रक दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिपवरून अम्मीची लस रद्द करणं हे मात्र संशोधन नाही. रमजानमध्ये दंडात टोचलेल्या लसीने रोजा तुटत नाही, असं सौदीच्या मुफ्तींनी कोविडच्या वेळी स्पष्ट सांगितलं. तरी मन मानत नसेल तर इफ्तारनंतर चालू असणारा दवाखाना शोधा, पण दहा दिवसांचं गणित चुकवू नका.

आणि पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आफ्रिकेच्या मेनिन्जायटिस पट्ट्यात, जिथे बहुसंख्य गरीब आणि मोठ्या संख्येने मुसलमान राहतात, तिथे डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून 'मेनअफ्रिव्हॅक' नावाची स्वस्त लस द्यायला सुरुवात झाली. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. तिच्यामुळे त्या भागातला 'ए' जातीचा मेनिन्जायटिस जवळपास नाहीसा झाला. त्याच कंपनीची पाच जातींवरची नवी लस २०२४ मध्ये सगळ्यात आधी नायजेरियाने वापरली. आपल्या राज्यात बनलेल्या लसीसाठी नायजेरियातली आई लेकराला कडेवर घेऊन रांगेत उभी राहते. आणि आपण पिशवीतून आलेलं कोरं कार्ड घेतो.

एक काम आहे, ते आजच सुरू करू या. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. तुमच्या घरातून पुढच्या सहा महिन्यांत कुणी हज, उमरा, नोकरी किंवा शिक्षणासाठी जाणार असेल तर देश आणि प्रवासाचा महिना लिहा, नाव लिहायची गरज नाही. आणि तुम्ही स्वतः ज्या दवाखान्यात लस घेतली असेल, तिथे फ्रीज दाखवला का, बिल दिलं का, कार्ड पूर्ण भरलं का, एवढंच लिहा. अंधेरी ते बोरिवली आणि कुर्ला ते मुलुंड, एवढ्या भागाची यादी आपण करू शकतो. टूरवाल्यांनाही त्यातली एक प्रत देऊ.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या बहिणीने मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.